शर्टाखालचं पिस्तूल



टेक्सस राज्यात फिरताना एखाद्या दुकानाच्या किंवा दवाखान्याच्या दारावर तुम्हाला एक लांबलचक पाटी दिसते. इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत, इंच-इंच उंचीच्या अक्षरांत, तिच्यावर राज्याच्या दंडसंहितेतलं एक कलम लिहिलेलं असतं. मतलब एवढाच, की तुमच्याकडे परवाना असला, तरी अंगावर लपवलेलं पिस्तूल घेऊन आत येऊ नका. पाटीतला मजकूर काय असावा, अक्षरं किती मोठी असावीत, हे सगळं कायद्यानं ठरवून दिलेलं आहे. आपल्याकडे 'चपला बाहेर काढाव्यात' असं लिहितात, तशातलीच ही पाटी. भारतातून गेलेला माणूस पहिल्यांदा ती वाचून हसतो. मग जरा वेळानं त्याच्या ध्यानात येतं, की ज्या दुकानांवर ही पाटी नाही, तिथे आपल्या पुढे रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थाच्या शर्टाखाली काय असेल ते सांगता येत नाही.

आज महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली, नातवंडं अमेरिकेत आहेत. तिकडे गोळीबार झाल्याची बातमी आली, की इथून पहिला फोन जातो तो 'तुमच्या गावाजवळ नाही ना?' हे विचारायला. मग 'हे लोक बंदुकांवर बंदी का घालत नाहीत?' हा नेहमीचा प्रश्न येतो. आणि आणखी एक प्रश्न येतो, जरा दबक्या आवाजातला. 'आमच्या मुलानं एखादं घेऊन ठेवावं का?' या दोन्ही प्रश्नांची उत्तरं अमेरिकेचा कायदा समजून घेतल्याशिवाय देता येत नाहीत.

सगळ्याचं मूळ आहे १७९१ साली मंजूर झालेल्या घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत. ही दुरुस्ती म्हणजे अवघं एक वाक्य, मूळ इंग्रजीत २७ शब्दांचं. त्याचा पूर्वार्ध म्हणतो, की स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी सुनियंत्रित नागरी सेना आवश्यक आहे. उत्तरार्ध म्हणतो, की शस्त्रं बाळगण्याच्या जनतेच्या हक्कावर गदा आणली जाऊ नये. आता हा हक्क त्या नागरी सेनेपुरता, की प्रत्येक माणसाचा स्वतःचा? दोनशे वर्षांहून अधिक काळ वकील, प्राध्यापक आणि न्यायाधीश या एका वाक्यावर भांडत आले. १९३९ साली नळी कापून आखूड केलेल्या बंदुकीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा न्यायालयाचा कल पूर्वार्धाकडे होता. २००८ साली पारडं फिरलं. वॉशिंग्टन शहरातला हेलर नावाचा एक सुरक्षारक्षक सरकारी इमारतीवर पहारा देताना कमरेला पिस्तूल लावत असे, पण शहराच्या कायद्यामुळे त्याला ते घरात ठेवता येत नव्हतं. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयानं सांगितलं, की घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्कालिया यांनी त्यातच असंही नमूद केलं, की हा हक्क अमर्याद नाही. गुन्हेगारांवरची बंदी, शाळा आणि सरकारी कचेऱ्यांतली बंदी यांना धक्का लागत नाही.

इतिहासातली एक गंमत इथे सांगायला हवी. चित्रपटांमुळे आपली समजूत अशी झालेली, की जुन्या पश्चिमेत जो तो कमरेला पिस्तूल लटकवून हिंडत होता. प्रत्यक्षात डॉज सिटी, टूम्स्टोन यांसारख्या गावांत नियम असा होता, की गावात शिरलात की हत्यार तबेल्यात, हॉटेलात नाहीतर कचेरीत जमा करायचं आणि जाताना घेऊन जायचं. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी टूम्स्टोनमध्ये अर्प बंधू आणि गुराखी टोळी यांच्यात जी प्रसिद्ध चकमक झडली, जिच्यावर डझनावारी चित्रपट निघाले, ती मुळात हा नियम मोडला म्हणून झडली! लपवून शस्त्र बाळगण्याला तर त्या काळी फारच कमी लेखत. केंटकी आणि लुइझियाना या दक्षिणेकडच्या राज्यांनी १८१३ सालीच त्यावर बंदी घातली होती. सभ्य माणूस शस्त्र उघड बाळगतो, लपवतो तो दगाबाज, असा तेव्हाचा समज. आज नेमकं उलट झालं आहे. उघड पिस्तूल लावून हिंडणारा माणूस बघितला, की बंदूकप्रेमी मंडळीही नाक मुरडतात. लपवून, गाजावाजा न करता बाळगणं हे जबाबदार माणसाचं लक्षण मानलं जातं.

या कायद्यांच्या पोटात वर्णभेदही दडलेला आहे, आणि तो वगळून ही कथा सांगता येत नाही. १९५६ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या माँटगोमेरीतल्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्यानंतर त्यांनी शस्त्र जवळ बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. हो, गांधीजींच्या मार्गानं जाणाऱ्या किंग यांनी! स्थानिक अधिकाऱ्यांनी तो फेटाळला. १९६७ साली ब्लॅक पँथर संघटनेचे तरुण उघड बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले. त्याच वर्षी त्या राज्यानं भरलेली बंदूक रस्त्यावर उघड बाळगण्यावर बंदी घातली. त्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. म्हणजे कायदा कडक करा म्हणणारे आणि सैल करा म्हणणारे यांच्या जागा अमेरिकेत काळाप्रमाणे बदलत आल्या आहेत.

राष्ट्रीय पातळीवरचे कायदे मोजकेच आहेत, आणि बहुतेक एखाद्या रक्तपातानंतरचे. टोळीयुद्धांच्या काळानंतर, १९३४ साली, मशीनगनवर दोनशे डॉलरचा कर बसला. केनेडींचा मारेकरी ऑस्वाल्ड यानं आपली रायफल टपालानं मागवली होती. १९६३ साली केनेडी गेले आणि १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्याही हत्या झाल्या, तेव्हा कुठे टपालविक्री बंद झाली. १९८१ साली रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी कायमचे जायबंदी झाले. त्यांच्या नावाचा कायदा व्हायला १९९३ साल उजाडलं.

या ब्रेडी कायद्यातून आलेली तपासणी आज कशी चालते ते पाहू. दुकानात जायचं, ओळखपत्र दाखवायचं, एक सरकारी अर्ज भरायचा. तुम्हाला गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, अमली पदार्थ घेता का, घरगुती हिंसाचाराचा गुन्हा आहे का, असे प्रश्न. दुकानदार ही माहिती एफबीआयच्या केंद्राला कळवतो आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत 'पुढे चला' असा निरोप येतो. शंका आली तर तपासाला कामाचे तीन दिवस मिळतात. तीन दिवसांत उत्तर आलं नाही, तर दुकानदार आपल्या मर्जीनं विक्री करू शकतो. २०१५ साली चार्लस्टनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांना मारणाऱ्या तरुणाला पिस्तूल मिळालं ते असंच, मुदत उलटली म्हणून. शिवाय हे सगळं परवानाधारक दुकानदारापुरतं. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला जुनी बंदूक विकली, तर राष्ट्रीय कायद्यानं कोणतीही तपासणी नाही. काही राज्यांनी ती आपापल्या कायद्यात घातली आहे, इतकंच.

यादीत नाव पोचलंच नाही तर तपासणीचा उपयोग शून्य. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांचा बळी गेला. त्यांत मूळचे तमिळनाडूचे एक प्राध्यापक होते आणि मुंबईहून वास्तुशास्त्र शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती. मारेकऱ्याला मानसोपचार घेण्याचा आदेश आधीच दिलेला होता, पण तो आदेश बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेण्याचा असल्यानं राज्यानं त्याचं नाव राष्ट्रीय यादीकडे धाडलंच नाही. दोन्ही पिस्तुलं त्यानं रीतसर तपासणी होऊन विकत घेतली.

आता याच्याही पुढची गोष्ट ऐका. अमेरिकेत बंदुकांची राष्ट्रीय नोंदवही नाही. नुसती नाही असं नाही, ती ठेवायलाच १९८६ च्या कायद्यानं मनाई आहे. तपासणीत पास झालेल्या माणसाची नोंद चोवीस तासांत पुसून टाकावी लागते. मग गुन्ह्यात सापडलेली बंदूक कुणाची, हे पोलीस कसं शोधतात? वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्ग नावाच्या गावी एक सरकारी केंद्र आहे. तिथला कर्मचारी बंदुकीच्या क्रमांकावरून आधी कारखान्याला विचारतो, कारखाना ठोक व्यापाऱ्याचं नाव सांगतो, तो दुकानदाराचं, आणि दुकानदार आपली वही उघडून बघतो. दुकान बंद पडलं असेल तर त्याच्या वह्या खोक्यांत भरून याच केंद्रात येतात. हाती लिहिलेल्या, भिजलेल्या, कशाही. त्यांची छायाचित्रं संगणकात घेतात, पण मालकाचं नाव टाकून शोध घेण्याची सोय करता येत नाही. माणसं एकेक पान उलटून बघतात. गूगल ज्या देशात जन्मलं, त्या देशातली ही तऱ्हा! यामागे भीती एकच. आज यादी झाली, तर उद्या सरकार यादी घेऊन दारात उभं राहील. आपल्याला ही भीती अतिरेकी वाटते. पण १८७८ साली इंग्रजांनी शस्त्र कायदा करून आपल्याला निःशस्त्र केलं, याचा राग आपल्याही राष्ट्रीय चळवळीत होताच. १९४८ साली आपल्या घटना समितीत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. आपण एका वळणावर दुसरीकडे गेलो.

आता शर्टाखालच्या पिस्तुलाकडे येऊ. पूर्वी बहुतेक राज्यांत असं पिस्तूल बाळगायचं तर अधिकाऱ्याला पटवून द्यावं लागे, की मला खरोखरच धोका आहे. न्यूयॉर्कचा असा कायदा १९११ सालचा. परवाना साहेबाच्या मर्जीवर, म्हणजे थोडंफार आपल्याकडच्यासारखंच. १९८७ साली फ्लोरिडानं वेगळी वाट धरली. ठरलेल्या अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना द्यायचाच, कारण विचारायचं नाही. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत एकामागून एक राज्यं त्या वाटेनं गेली. इलिनॉय सर्वांत शेवटी, २०१३ साली, आणि तेही न्यायालयानं भाग पाडलं म्हणून. त्याहून पुढची पायरी म्हणजे परवानाच नको. व्हर्मांट राज्यात तो कधीच लागत नव्हता. अलास्कानं २००३ साली, ॲरिझोनानं २०१० साली, टेक्ससनं २०२१ साली ही अट काढली. २०२४ पर्यंत अशा राज्यांची संख्या २९ वर गेली. म्हणजे निम्म्याहून अधिक राज्यांत, कायद्यानं अपात्र नसलेला सज्ञान माणूस, एक तासाचंही प्रशिक्षण न घेता, खिशात भरलेलं पिस्तूल घालून बाजारात जाऊ शकतो. बंदूक बाळगण्याच्या हक्काच्या बाजूनं बोलणाऱ्यांचे काही मुद्दे मला पटतात, हे नाही पटत. मोटार चालवायला परीक्षा लागते.

२३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं न्यूयॉर्कचा तो १९११ चा कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द ठरवला. घराबाहेर शस्त्र बाळगणं हाही हक्कच, त्यासाठी खास कारण दाखवायला लावता येणार नाही. गरिबांची वकिली करणाऱ्या न्यूयॉर्कमधल्या काही सरकारी वकिलांनीही हा कायदा रद्द करा असंच म्हटलं होतं. त्यांचं म्हणणं, परवाने मिळतात वजनदारांना आणि विनापरवाना म्हणून तुरुंगात जातात आमची कृष्णवर्णीय पोरं. निकालानंतर न्यूयॉर्कनं लगेच नवा कायदा केला. सोळा तासांचा वर्ग, दोन तासांचा नेमबाजीचा सराव, आणि टाइम्स स्क्वेअरसारख्या ठिकाणी मनाई. या निकालानं न्यायाधीशांपुढे मात्र भलतंच काम वाढून ठेवलं. आजचा कोणताही निर्बंध टिकवायचा, तर तसा निर्बंध देशाच्या जुन्या परंपरेत होता हे दाखवावं लागतं. अठराव्या शतकातल्या वसाहतींचे दारूगोळा साठवण्याचे नियम वकील शोधत बसले. २०२४ साली न्यायालयानंच थोडा लगाम ओढला. घरच्या माणसाला धोका आहे म्हणून ज्याच्यावर मनाई हुकूम आहे, त्याचं शस्त्र काढून घेता येतं, असा निकाल आठ विरुद्ध एक मतांनी दिला.

आपल्या माणसांच्या दृष्टीनं सर्वांत घातक गोष्ट आहे ती राज्यांच्या सीमा. मोटारीचा परवाना एका राज्यात काढला की सगळीकडे चालतो. शस्त्राचा चालत नाही. फिलाडेल्फियापासून न्यू जर्सी म्हणजे मध्ये एक नदी, पूल ओलांडला की झालं. पण पेनसिल्व्हेनियाचा परवाना पुलापलीकडे कागदाचा तुकडा ठरतो. २०१३ साली दोन मुलांची एक आई अशीच न्यू जर्सीत गेली. पोलिसानं गाडी थांबवल्यावर तिनं आपणहून सांगितलं, माझ्याजवळ पिस्तूल आहे आणि हा परवाना. तिला अटक झाली, किमान तीन वर्षांच्या तुरुंगवासाची टांगती तलवार डोक्यावर आली. शेवटी २०१५ साली गव्हर्नरनी तिला माफी दिली. न्यू जर्सीत मराठी घरं किती आहेत ते मी सांगायला नको, आणि त्यांचं पेनसिल्व्हेनियात जाणं-येणं रोजचं. सगळ्या राज्यांनी एकमेकांचे परवाने मानावेत असं विधेयक २०१७ साली प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, पण सिनेटमध्ये अडकून पडलं.

आणि ज्या मुलांचे आईवडील तो दबक्या आवाजातला प्रश्न विचारतात, त्यांपैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत तो प्रश्नच उद्भवत नाही. विद्यार्थी म्हणून गेलेला, एच-वन-बी व्हिसावर नोकरी करणारा किंवा पर्यटक यांना राष्ट्रीय कायद्यानं बंदूक विकत घेताच येत नाही, जवळ बाळगताही येत नाही. मित्राबरोबर गंमत म्हणून नेमबाजीच्या मैदानावर जाऊन भाड्यानं पिस्तूल घेणंसुद्धा अडचणीत आणू शकतं. अपवाद एकच मोठा, आणि तोही मासलेवाईक. एखाद्या राज्याचा शिकारीचा परवाना काढलेला असेल तर चालतं. म्हणजे ज्यानं जन्मात चिमणीलाही दगड मारलेला नाही, त्यानं आधी कागदोपत्री शिकारी व्हायचं! ग्रीन कार्ड मिळालं की ही आडकाठी जाते. पण तोवर हा गुन्हा गंभीर आहे, आणि त्यापायी नुसती नोकरी नव्हे, तो देशच सोडायची वेळ येऊ शकते.

ग्रीन कार्डवाल्यानं तरी घ्यावं का? आकडे काय म्हणतात बघा. २०१७ सालच्या अंदाजानुसार अमेरिकन नागरिकांच्या हाती ३९ कोटींहून अधिक बंदुका होत्या, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. त्या मालकीच्या असलेले लोक मात्र प्रौढांपैकी साधारण एक तृतीयांश. २०२३ साली बंदुकीच्या गोळीनं ४६ हजार ७०० हून अधिक माणसं दगावली. त्यातल्या सुमारे २७ हजार ३०० आत्महत्या होत्या. हे पुन्हा सांगतो, कारण आपल्याला वाटतं उलटं. शाळेतल्या आणि मॉलमधल्या गोळीबारांच्या बातम्या आपण ऐकतो. पण निम्म्याहून अधिक मृत्यू घरातल्या बंदुकीनं किंवा जवळच्या कुणाच्या बंदुकीनं, एकट्यानं, बंद दाराआड होतात. विष घेतलेला माणूस पुष्कळदा वाचतो. गोळी झाडून घेतलेला क्वचितच.

स्वसंरक्षणासाठी बंदूक किती वेळा कामी येते, यावर तिथल्या अभ्यासकांचं एकमत नाही. वर्षाला लाखाच्या आतबाहेर असं कुणी म्हणतं, तर कुणी पंचवीस लाख. रात्री उशिरापर्यंत एकट्यानं पेट्रोल पंप किंवा दुकान सांभाळणाऱ्या आपल्या देशबांधवानं गल्ल्याखाली पिस्तूल ठेवलं, तर इथे बसून त्याला शहाणपण शिकवायला मी जाणार नाही. पण चांगल्या वस्तीत राहणाऱ्या, घरात वयात आलेलं मूल असलेल्या, किंवा कुणी नैराश्यातून जात असलेल्या घरानं हा धोका विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घेतलंच, तर ते कुलपात, गोळ्या वेगळ्या, आणि चावी मुलांना ठाऊक नसलेल्या जागी. 'आमचा बंड्या त्याला हात लावणार नाही' हे वाक्य तिथे फार आयांनी उच्चारलेलं आहे.

उन्हाळ्यात मुलांकडे जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. तिथे घराला कुंपण नसतं, म्हणून हिरवळीतून आडवं जायचा मोह होतो. जाऊ नका. पत्ता चुकून परक्या दाराची घंटा वाजवू नका, खात्री नसेल तर रस्त्यावरूनच फोन करा. १९९२ साली लुइझियानात सोळा वर्षांचा एक जपानी विद्यार्थी पार्टीचं घर समजून चुकीच्या दारात गेला. घरमालकानं 'थांब' म्हणून ओरडून सांगितलेलं त्याला कळलं नाही, आणि तो गोळीला बळी पडला. घरमालक फौजदारी खटल्यात निर्दोष सुटला. २०२३ च्या एप्रिलमध्ये, एकाच आठवड्यात, मिझुरीत चुकीच्या दाराची घंटा वाजवणारा मुलगा जखमी झाला आणि न्यूयॉर्क राज्यात चुकीच्या आवारात वळलेल्या गाडीतली तरुणी मारली गेली.

पोलिसानं गाडी थांबवली, तर आपल्या सवयीप्रमाणे उतरून त्याच्याकडे चालत जाऊ नका. गाडीतच बसा, दोन्ही हात चाकावर ठेवा, कागद काढण्यापूर्वी सांगा आणि मग काढा. समोरच्याकडे पिस्तूल असेल, असं गृहीत धरूनच तो पोलीस खिडकीशी आलेला असतो. मिनेसोटात २०१६ साली शाळेच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय तरुणानं माझ्याकडे पिस्तूल आहे असं पोलिसाला नीट सांगितलं. त्याच्याकडे परवानाही होता. पुढच्या काही क्षणांत त्याला गोळ्या लागल्या. त्या पोलिसाला नंतर ज्यूरीनं निर्दोष सोडलं.

आणि नातवंडं शेजारी खेळायला जाणार असतील, तर त्या घरात बंदूक आहे का आणि ती कुलपात असते का, हे सुनेनं किंवा लेकीनं आधी विचारावं. आपल्या मंडळींना याचा संकोच वाटतो. पण घरात कुत्रा आहे का, पोहण्याचा तलाव आहे का, पोराला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, हे आपण बोलतोच. त्याच दमात हेही विचारावं. मुलांचे डॉक्टरही तिथे आईबापांना हा प्रश्न विचारायला सांगतात.